वेंधळ्या कारभाऱ्याची बाग

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाने पुढे काय करावे, ह्याची दोन उत्तरे आपल्याकडे केव्हाच ठरून गेलेली आहेत : नातवंडे आणि तीर्थयात्रा. आम्ही २०१७ साली राज्य शासनाच्या सेवेतून मोकळे झालो, तेव्हा दोन्हींची सोय घरात होती. तरीही २०१९ च्या एप्रिल महिन्यात आम्ही उभयता इंदूरच्या बावीस प्रवाशांच्या मेळ्यात सामील होऊन चीनला गेलो, ह्याचे श्रेय आमच्या मुलीला आहे. तिने आधी पैसे भरून टाकले आणि मग आम्हांला विचारले.

त्या प्रवासाचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. चीनची भिंत किती रुंद आहे आणि तेथे शाकाहारी माणसाचे किती हाल होतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. परंतु जिआंगसू प्रांतात घालवलेल्या पाच दिवसांत एका जुन्या प्रश्नाने आम्हांला गाठले. तो असा : ज्या कामात आपले हात मळणार असे दिसते, त्यातून वेळीच बाजूला होणे हा सदाचार आहे काय? नोकरीत असताना हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही, कारण उत्तर आम्ही गृहीत धरले होते.

जिआंगसू हा यांगत्से नदीच्या मुखाजवळचा सखल, ओला, कालव्यांनी विणलेला प्रदेश. उत्तर-दक्षिण जाणारा प्रचंड राजकालवा ह्याच प्रांतातून जातो. तांदूळ आणि रेशीम त्यावरून शतकानुशतके राजधानीकडे गेले. आणि माणसेही गेली. चिनी साम्राज्यात सरकारी पद मिळवायचे तर अतिशय कठीण अशा परीक्षा द्याव्या लागत, आणि त्या परीक्षांत सुझौ व आसपासच्या गावांची मुले फार मोठ्या संख्येने उत्तीर्ण होत. ती अधिकारी होऊन दूरदूर जात आणि म्हातारपणी, किंवा मर्जी खप्पा झाली तर त्याआधीच, गावी परत येत. परत आली की बाग करीत. सुझौच्या ज्या बागा पाहायला आज जगभरातून माणसे जातात, त्यांतल्या पुष्कळशा अशा निवृत्त किंवा निलंबित अधिकाऱ्यांच्या आहेत. ही गोष्ट आम्हांला तेथे जाईपर्यंत माहीत नव्हती. माहीत असती तर कदाचित अधिक तयारीने गेलो असतो.

पहिला मुक्काम नानजिंगला झाला. १९३७ च्या हत्याकांडाचे तेथील स्मारक पाहून बाहेर आल्यावर बराच वेळ आमच्या मेळ्यात कोणी बोलले नाही. दुपारी शहराच्या तटावर गेलो. मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू ह्याने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा तट उभारला. मूळ लांबी सुमारे पस्तीस किलोमीटर, आज त्यातला पंचवीसच्या आसपास शिल्लक आहे. मार्गदर्शक मुलीने एका विटेवर बोट ठेवले. विटेच्या कडेवर अक्षरे उठवलेली होती. ह्या तटाच्या पुष्कळ विटांवर ती कोठे भाजली, तेथला प्रांताधिकारी कोण, तालुक्याचा अंमलदार कोण, देखरेखीला कोण, भट्टीवाला कोण आणि वीट थापणारा कोण, ह्यांची नावे ओळीने आहेत. वीट कच्ची निघाली तर कोणाला धरायचे हे सम्राटाला कळावे म्हणून ही व्यवस्था. हेतू काही सात्त्विक नव्हता. होंगवू फार क्रूर राजा होता. तरीपण आम्ही त्या विटेजवळ बराच वेळ थांबलो. वीट थापणाऱ्याच्या नावाला लागूनच अधिकाऱ्याचे नाव, आणि ते सहाशेहून अधिक वर्षे उन्हापावसात उघडे! आमच्या नोकरीत सह्या काही कमी नव्हत्या. एकेका कागदावर सहा-सहा सह्या असत. पण सह्यांची संख्या वाढली की जबाबदारी वाटली जाते आणि वाटली गेली की नाहीशी होते, हे गणित आम्हांला चांगले पाठ होते.

नानजिंगहून वेगवान आगगाडीने सुझौला आलो. हे शहर इसवी सनापूर्वी ५१४ साली वू राज्याच्या हलू नावाच्या राजाने वसवले असे मानतात. १२२९ साली दगडावर कोरलेला शहराचा नकाशा तेथे जपून ठेवला आहे, आणि त्यातले कित्येक कालवे व रस्ते आजही जेथल्या तेथे सापडतात. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीचा नगर आराखडा हाती घेऊन निघालो तर रस्ताच सापडत नाही, हे आपले सहज आठवले म्हणून सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुझौच्या सर्वांत मोठ्या बागेत गेलो. तिचे चिनी नाव झुओझेंग युआन. इंग्रजी पाट्यांवर तिला ‘नम्र प्रशासकाची बाग’ अशा अर्थाचे भारदस्त नाव दिले आहे. मार्गदर्शक मुलगी प्रामाणिक होती. ती म्हणाली, ‘झुओ’ म्हणजे नम्र नव्हे. ज्याच्या हाताला काम जमत नाही, ज्याला चतुराई येत नाही तो. म्हणजे वेंधळा. बागेचे नाव खरे तर ‘वेंधळ्याचा कारभार’ असे होते. आम्ही ते मेळ्यातल्या मंडळींसाठी मराठीत ‘वेंधळ्या कारभाऱ्याची बाग’ असे केले. त्यावर आमच्या सौ. हळूच म्हणाल्या, ‘अहो, मग ही तर घरोघरी आहे.’ बायकांत हशा पिकला.

ही बाग वांग शिएनचेन नावाच्या अधिकाऱ्याने १५०९ च्या सुमारास घडवायला घेतली. तो राजदरबारी दोषनिरीक्षक होता; इतर अधिकाऱ्यांच्या चुका शोधून वर कळवणे हे त्याचे काम. खोजांच्या हाती असलेल्या गुप्तचर खात्याने त्याच्यावर किटाळ आणले, तुरुंगात टाकले, फटके मारले, पद उतरवले. पुढे तो नोकरी सोडून गावी आला, एका जुन्या बौद्ध मठाची जागा त्याने घेतली आणि तेथे तळी खोदवली. नाव ठेवताना त्याने बाराशे वर्षांपूर्वीच्या पान यूए नावाच्या लेखकाची आठवण धरली. ह्या पान यूएने निवांत आयुष्यावर एक निबंध लिहिला होता. पदाच्या खटपटी ज्याला साधत नाहीत त्या अडाण्याने भाजीपाला पिकवावा, हाच त्याचा राज्यकारभार, असे त्यातले म्हणणे. वांगने त्यावरून नाव घेतले. मात्र पान यूएविषयी चिनी इतिहासग्रंथ आणखी एक गोष्ट सांगतात : एका सत्ताधारी सरदाराची गाडी दूरवर दिसली की हा निवांतपणाचा उपासक तिने उडवलेल्या धुळीला लोटांगण घाली. इ. स. ३०० साली तो राजकारणातच मारला गेला. भाजीपाला कागदावरच राहिला.

आणि ही बाग! भाजीपाल्याचे नाव घेऊन वांगने जे केले ते पाच हेक्टरांहून अधिक पसरले आहे. त्यात पाणी पुष्कळ. पाण्यावर नागमोडी पूल, पुलाच्या वळणावर मंडप, मंडपाच्या खिडकीत एकच बांबू किंवा एकच दगड चौकटीत बसवल्यासारखा. पुढे चालावे तर मागचे दिसेनासे होते, आणि दहा पावलांवर वेगळीच बाग सुरू होते. त्या काळचा थोर चित्रकार वन चंगमिंग हा वांगचा स्नेही. त्याने १५३३ साली ह्या बागेची एकतीस दृश्ये चितारून त्यांवर कविता लिहिल्या. त्याने स्वतः लावल्याचे सांगतात ती एक वेल बागेला लागून असलेल्या जुन्या वाड्याच्या चौकात आहे. एप्रिल असल्यामुळे तिला जांभळ्या फुलांचे घोस लोंबत होते. सौंदर्याविषयी आमची काही तक्रार नाही. आम्ही एका पुलावर उभे राहिलो आणि समोर पाण्याच्या टोकाशी, झाडांच्या वर, एक उंच मनोरा दिसला. तो बागेतला आहे असेच कोणालाही वाटेल. तो आहे उत्तरेकडच्या मंदिराचा, बागेच्या भिंतीपासून चांगला दूर, शहरात. चिनी उद्यानकारांनी ह्या युक्तीला ‘उसने दृश्य’ असे नाव दिले आहे. जी चंग नावाच्या उद्यानकाराचा १६३४ साली छापलेला बांधणीवरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे, त्यात हे उसने घेण्याचे शास्त्र सांगितले आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्या भिंतीआड बसून भोगायची, आणि तिचे देणे काही नाही!

वांगच्या मुलाने ही बाग एका रात्रीत जुगारात घालवली, असे सांगतात. मेळ्यातल्या मंडळींना ही गोष्ट फार आवडली. कर्माचे फळ, असे एकजण म्हणाले. आम्हांला तसे वाटले नाही. बाप दरबारात फटके खाऊन आला होता, ही गोष्ट ते विसरले होते. आम्हांला अडला तो एकच शब्द : वेंधळा. वांग खरोखर वेंधळा होता काय? ज्याने खोजांशी वैर पत्करले, तो त्या क्षणी असेल. पण ज्याने नंतर मठाची जागा मिळवून एवढी बाग उठवली, तो नाही. मग स्वतःला वेंधळा म्हणवून घेणे ही नम्रता की चतुराईचे शेवटचे टोक? त्या रात्री हॉटेलात झोप आली नाही, आणि जागेपणी जे आठवले ते चीनमधले नव्हते.

१९९६ साल. आम्ही ज्या गावी होतो त्याचे नाव येथे देत नाही. गावाच्या विकास आराखड्यात अडीच एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवलेली होती. उद्यान झालेले नव्हते. बाभळी होत्या, कोपऱ्यात एक कोरडी विहीर, आणि संध्याकाळी मुले तेथे क्रिकेट खेळत. ती जागा आरक्षणातून मोकळी करून एका गृहस्थांच्या स्वाधीन करावी, असा प्रस्ताव आमच्या टेबलावर आला. ही कोणाची इच्छा आहे हे नस्तीत कोठेही लिहिलेले नव्हते आणि कचेरीतल्या शिपायालाही ते ठाऊक होते. नस्तीच्या तिसऱ्या पानावर आमच्या हाताखालच्या राजस्व निरीक्षकाची टिपणी होती. जागा सार्वजनिक उपयोगाची आहे, लोक ती वापरतात, आरक्षण उठवणे नियमाला धरून होणार नाही, असे त्याने सरळ हिंदीत, एकाही पळवाटेशिवाय लिहिले होते. खाली सही, तारीख, पदनाम.

आम्ही ते वाचले, आणि तो बरोबर आहे हे आम्हांला कळले. त्याच्याशी सहमत आहोत असे लिहिले असते तर पुढे काय होणार हेही कळले. असहमत आहोत असे लिहिणे तर शक्यच नव्हते. तेवढी चाड होती. तेव्हा पाचव्या पानावर आम्ही चार शब्द लिहिले : ‘उचित निर्णयार्थ सादर प्रस्तुत.’ ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना ह्या शब्दांचे मोल वेगळे सांगायला नको. त्यांत हो नाही, नाही नाही, आणि चौकशी झालीच तर सही करणाऱ्याला कोठे पकडता येत नाही. त्यानंतर धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी आम्ही रजेवर गेलो. लग्न खरे होते. रजा मात्र लग्नाच्या गरजेपेक्षा आठ दिवस अधिक होती.

परतलो तेव्हा निर्णय झालेला होता, आणि राजस्व निरीक्षकाची बदली जेथे आगगाडी जात नाही अशा टोकाला झालेली होती. जाण्याआधी तो आमच्या घरी आला. पाणी प्यायला, मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली, नमस्कार करून गेला. त्याने काही विचारले नाही. विचारले असते तर उत्तर तयार होते.

ते उत्तर आम्ही पुढे पुष्कळ वर्षे स्वतःला दिले. आमच्या विरोधाने निकाल बदलला असता काय? नाही. नस्ती आम्हांला वळसा घालून गेली असती. मग आमची बदली होऊन, मुलीची शाळा तुटून, कोणाचे भले झाले असते? हा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नाही, आणि आम्ही आजही तो पूर्णपणे खोडू शकत नाही. कर्माचे मोल फळावरून ठरवायचे असेल तर आमची ती चार शब्दांची टिपणी निरुपद्रवी होती. लाच घेतली नाही, खोटे लिहिले नाही, कोणाचे घेतले नाही. निरोपसमारंभात वक्त्यांनी आमच्या कारकिर्दीला निष्कलंक म्हटले ते शब्दशः खरे होते. आम्ही शाल आणि श्रीफळ घेतले.

सुझौच्या त्या रात्री ह्या हिशेबातली एक रक्कम प्रथमच नजरेस आली. निकाल बदलला नसता हे खरे. पण तिसऱ्या पानावरची सही एकटी पडली नसती. निरीक्षक जो उघडा पडला तो त्या जागा मागणाऱ्या गृहस्थांमुळे जेवढा, तेवढाच आमच्या चार शब्दांमुळे. वरच्या अधिकाऱ्याने त्याचे म्हणणे नाकारले असते तर वाद झाला असता. वरच्या अधिकाऱ्याने ते ओलांडून पुढे पाठवले, म्हणजे ते म्हणणे जणू नव्हतेच. वेंधळा तो होता. त्याला बाजूला होण्याची कला येत नव्हती. आम्हांला येत होती, आणि तिलाच आम्ही निर्मळपणा समजत आलो.

आपल्याकडे अधिकारत्यागाचा आदर्श म्हणून रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यातला क्रम आपण विसरतो. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते आधी, आणि पुणे सोडले ते नंतर, अशी परंपरा आहे. निवाडा न सांगताच ते गावी गेले असते, तर त्यांना आज कोणी ओळखले नसते.

दुसऱ्या दिवशी ल्यू युआन नावाच्या बागेत साडेसहा मीटर उंचीचा एक पाषाण पाहिला. ताइहू सरोवरातला चुनखडीचा दगड. पाण्याने पोखरून त्याला भोके आणि वळ्या पडलेल्या. असा दगड कृश असावा, सुरकुतलेला असावा, त्यातून पाणी आणि उजेड आरपार जावा, अशी रसिकांची कसोटी. बाराव्या शतकाच्या आरंभी हुइझोंग सम्राटाला ह्या पाषाणांचे वेड लागले, तेव्हा सुझौच्याच जू म्येन नावाच्या माणसाकडे ते गोळा करण्याचे काम दिले गेले. त्याची माणसे कोणाच्याही घरात शिरत, अंगणातला दगड किंवा झाड आवडले की त्यावर पिवळी सरकारी खूण चिकटवत, आणि त्या क्षणापासून तो माल सम्राटाचा. घरमालकाने तो सांभाळायचा. नेताना भिंत आड आली तर भिंत पाडायची. मोठे पाषाण नेणाऱ्या नावांसाठी वाटेतले पूल मोडले. ११२० साली लोकांचे बंड झाले, ११२६ मध्ये जू म्येनला देहान्त मिळाला, आणि राजधानीला शत्रूचा वेढा पडला तेव्हा राजोद्यानातले दगड फोडून गोफणयंत्रांत घातले, अशी नोंद आहे. समोरचा पाषाण त्याच वसुलीतून मागे राहिलेला, असे म्हणतात. जू म्येन अत्यंत कुशल प्रशासक असला पाहिजे. त्या पिवळ्या खुणा लिहिणारे, त्यांची आवक-जावक ठेवणारे, नावांचे हिशेब तपासणारे शेकडो कारकून असतील. त्यांतले बहुतेक निष्कलंक असतील.

तोंगली हे कालव्यांचे लहान गाव सुझौपासून जवळच आहे. तेथली बाग १८८५ ते १८८७ मधली, रन लानशंग नावाच्या अधिकाऱ्याची. त्याच्यावर आरोप झाले, पद गेले, आणि गावी येऊन त्याने बागेला नाव दिले ‘तुइसी’. पदावर असताना निष्ठेचा आणि पदावरून उतरल्यावर आपल्या चुकांच्या दुरुस्तीचा विचार करावा, अशा एका प्राचीन वचनावरून ते आले आहे. चुकांचा विचार करायला एवढे मंडप, एवढे तळे लागते काय, असा प्रश्न मनात येतोच. आम्हांला परसातली कढीलिंबाची कुंडी पुरावी. पण रन लानशंगच्या बाबतीत थट्टा पुढे जात नाही. बाग पुरी झाली त्याच सुमारास पीत नदीला महापूर आला, त्याला परत बोलावले गेले, तो गेला, आणि १८८८ मध्ये त्याच कामावर असताना वारला. बागेत विचार करायला त्याला फारसा अवधी मिळालाच नाही. दुरुस्तीची संधी मिळाली ती चिखलात.

शेवटच्या दिवशी दुपार मोकळी होती. मंडळी रेशमाच्या दुकानांत गेली. आम्ही उभयता सुझौच्या जुन्या कन्फ्यूशियस मंदिरात गेलो. हेच ते ठिकाण, जेथे १२२९ चा तो दगडी नकाशा आहे. पण आम्हांला ओढ होती दुसऱ्या गोष्टीची. १०३५ साली, फान चोंगयान हा सुझौचा अधिकारी असताना येथे शाळा काढली गेली. सांगतात की ही जमीन त्याने स्वतःच्या घरासाठी घेतली होती. वास्तुपरीक्षक म्हणाला, येथे घर बांधाल तर पिढ्यान्‌पिढ्या वंशात मोठे अधिकारी निपजतील. फान म्हणाला, मग एकाच घरात कशाला? आणि जागा शाळेला दिली. आख्यायिका सोडा, शाळा खरी आहे, आणि जागा आजही तेथेच आहे. पुढे त्याने आपल्या कुळातल्या गरजूंसाठी हजार मूंहून अधिक जमीन दान करून जी व्यवस्था लावली, ती विसाव्या शतकापर्यंत चालली. (कुळापुरतेच का, हा आक्षेप सौ.नी घेतला. तो बरोबर आहे.) फान सुधारणा करायला गेला आणि दरबारातून हटवला गेला. जेथे बदली झाली तेथे तो कामाला लागला.

तेथून रस्ता ओलांडून थोडे चालले की त्सांगलांग मंडपाची बाग. सुझौतली ही सर्वांत जुनी. तिचा मालक सू शुनछिन हा राजधानीत पत्रव्यवहाराच्या कचेरीचा प्रमुख होता आणि फानच्या गटातला होता. १०४४ साली त्याच्यावर खटला झाला तो कशाबद्दल? कचेरीतली रद्दी विकून सहकाऱ्यांना जेवण घातल्याबद्दल! दरवर्षी देवाच्या उत्सवाला रद्दीच्या पैशांतून मेजवानी करण्याचा त्या कचेरीत रिवाज होता. ह्याने त्यात पदरचे पैसेही घातले होते. फानच्या विरोधकांना निमित्त हवे होते. शासकीय मालमत्तेचा अपहार असा ठपका ठेवून त्याला पदच्युत केले आणि त्याच्याबरोबर जेवलेल्या दहाबारा नामांकितांनाही घालवले. हे वाचून आम्हांला हसू आवरेना. आमच्या कचेरीत दिवाळीला रद्दी निघे, तिचा चहा-फराळ होई आणि त्याची पावती आम्हीच सांभाळून ठेवत असू; जेवढी सावधगिरी त्या पावतीच्या बाबतीत केली तेवढी अडीच एकरांच्या बाबतीत केली नाही. सू शुनछिन सुझौला आला, चाळीस हजार नाण्यांना ही पडीक जागा घेतली, पाण्याकाठी मंडप बांधला. १०४८ मध्ये त्याला पुन्हा पद मिळाले, पण रुजू होण्यापूर्वीच तो चाळिशीत वारला.

आजच्या इमारती पुष्कळ नंतरच्या आहेत. पण एक गोष्ट ह्या बागेत निराळी आहे. बाकीच्या बागांना उंच पांढऱ्या भिंती. आत काय आहे ते तिकीट काढल्याशिवाय कळत नाही. येथे पाणी बागेच्या बाहेर आहे. आधी कालवा, त्यावर छोटा पूल, पलीकडे जाळीदार खिडक्यांची ओसरी. आतून पाणी दिसते आणि रस्त्यावरून आतली झाडे, खडक, फिरणारी माणसे दिसतात. तिकडच्या बागेने शहराचा मनोरा उसना घेतला होता. ही बाग रस्त्याने जाणाऱ्याला फुकट दिसत होती.

आम्ही आत जाऊन आलो. एका दालनात सुझौशी संबंध असलेल्या जवळजवळ सहाशे जुन्या थोर पुरुषांच्या प्रतिमा दगडावर कोरून भिंतींत बसवलेल्या आहेत. त्यांत अधिकारी पुष्कळ. एकाही कारकुनाची असेल असे वाटले नाही. मग बाहेर येऊन कालव्याच्या अलीकडच्या काठावर बसलो. शेजारी एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याची नात त्याच्या पाठीशी अभ्यास करीत होती. बाग पाहण्यासाठी त्याने एकदाही मान वर केली नाही, पण ती त्याच्या समोरच होती.

सौ.नी विचारले, ‘काय एवढा विचार करताय?’ नानजिंगपासून जे मनात चालले होते ते सर्व आम्ही तेथे त्यांना सांगितले. तेवीस वर्षांत प्रथमच. त्यांना निरीक्षक आठवत होता. म्हणाल्या, ‘पाणी प्यायला आले होते ते. मी थांबा म्हटले होते जेवायला, तर तुम्ही आतून काही बोलला नाहीत.’ हे आम्ही विसरलो होतो.

खिशातल्या वहीत त्या दिवशीचा खर्च लिहिलेला होता. त्याखाली आम्ही त्या गावाचे नाव लिहिले, जागेचा सर्व्हे क्रमांक लिहिला, नस्तीचा क्रमांक लिहिला. तो अजून पाठ होता. मग निरीक्षकाचे पूर्ण नाव, आणि त्याखाली आमचे. एवढ्यात पलीकडून मेळ्यातल्या मंडळींचा आवाज आला. ती दुकानांतून पिशव्या घेऊन परतत होती, आणि गाडी पाच वाजता सुटायची होती.